‘कोण?’ – ‘मी!’

दारावर थाप पडली आणि आतून ‘कोण?’ असा प्रश्न आला, की आपण बाहेरून ‘मी’ असे उत्तर देतो. पाहू गेले तर ह्या उत्तरात काहीच सांगितलेले नसते. जगात ज्याला त्याला ‘मी’ म्हणता येते. पण दार उघडते. आतल्या माणसाने शब्द ऐकलेलाच नसतो, आवाज ऐकलेला असतो. माझी आजी तर ह्याच्याही पुढे होती. तिला फारसे दिसत नसे, पण अंगणात वाजणाऱ्या चपलांवरून ती माणूस ओळखी, आणि ओळखल्यावरही ‘कोण गं?’ म्हणून विचारीच. तो प्रश्न चौकशीचा नव्हताच. ये, बस, असे म्हणण्याची तिची ती रीत होती.

हाच प्रश्न कोणी दिवसातून चाळीस वेळा विचारला, आणि दर वेळी खरे उत्तर ऐकूनही ‘खोटे!’ म्हटले, तर माणसाचे काय होते ते मला २०१९ सालच्या दिवाळीनंतर कळले. विचारणारा माणूस नव्हता. माझ्या कचेरीतल्या संगणकावर टपालासाठी आउटलुक नावाचा प्रोग्रॅम होता, त्याने हा उद्योग आरंभला होता.

मी पुण्यात एका कचेरीच्या हिशेब विभागात एकतीस वर्षे काढली. कापडी पुठ्ठ्याच्या खतावण्या होत्या तेव्हा लागले, आणि खतावणी कशी असते हे नव्या मुलांना हातांनी आकार करून दाखवावे लागे अशा काळात निवृत्त झाले. संगणकाशी माझे कधी वैर नव्हते. उलट बेरीज तपासण्याचा जाच त्याने कायमचा मिटवला म्हणून मी त्याची ऋणीच होते. जाच वाटे तो एका गोष्टीचा. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, असा कचेरीचा दंडक होता. नवीन शब्दात एक मोठे अक्षर हवे, एक आकडा हवा, एखादे चिन्ह हवे. कसरत न शिकलेल्या माणसाने तारेवरून चालावे तसे ते असे. मग मी माझ्यापुरती युक्ती काढली. नातवाचे नाव, एक चिन्ह आणि पुढे आकडा. नव्वद दिवस झाले की आकडा एकाने वाढवायचा. नातवाच्या जन्मापासून हा क्रम चालला होता. नातू साडेपाच वर्षांचा झाला तेव्हा मी तेविसावर पोचले होते. (आता ते खाते बंद झाले आहे, म्हणून हे छापायला हरकत नाही.)

हा पासवर्ड पहिल्यांदा कोणाच्या डोक्यात आला असावा, असा विचार मी त्या काळी पुष्कळदा रागाने करीत असे. नंतर वाचनात आले. अमेरिकेत एमआयटी ह्या संस्थेत १९६१ च्या सुमारास फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांचे सहकारी एकाच अगडबंब यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे अशी सोय करीत होते. बिऱ्हाडे अनेक आणि वाडा एक, असा मामला. प्रत्येक बिऱ्हाडाच्या खोलीला निराळी किल्ली हवी, म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला. गंमत पुढेच आहे. १९६२ मध्ये तिथल्याच अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आपल्या वाटणीचा यंत्रवेळ पुरेना, तेव्हा त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची यादी त्याच यंत्राकडून सरळ छापून घेतली! पुढे काही वर्षांनी कोणाच्या तरी हातून घोटाळा झाला आणि यंत्राशी जो बसेल त्याला स्वागताच्या मजकुराऐवजी सगळ्यांचे पासवर्डच दिसू लागले. वाड्याच्या किल्ल्या दिंडीवर टांगाव्यात तसे झाले.

आणि तो नव्वद दिवसांचा जाच? पासवर्ड असा अवघड असावा, तसा तो वरचेवर बदलावा, ही शिकवण ज्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरली ती अमेरिकेच्या मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेत बिल बर ह्या गृहस्थांनी २००३ मध्ये लिहिली होती. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यांनी एका वर्तमानपत्राजवळ ह्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला. त्याच वर्षी त्या संस्थेनेही काही कारण घडल्याशिवाय लोकांना पासवर्ड बदलायला लावू नका असा सल्ला दिला. लोक माझ्यासारखेच आकडा वाढवून वेळ मारून नेतात, हे त्यांच्याही ध्यानात आले होते. ही बातमी आमच्या कचेरीपर्यंत २०१९ साली तरी पोचलेली नव्हती.

तर त्या वर्षी दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात माझी नव्वदी भरली. बोनसच्या याद्या हातात होत्या, आणि घाईत मी नवा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हेने टंकला. आमच्या विभागात एक मुलगा नुकताच लागला होता. सोलापूरकडचा, पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, प्रोबेशनवरचा. तो आपण होऊन उठून आला, माझ्या खुर्चीवर बसला, आणि पाच मिनिटांत सगळे सुरळीत करून दिले. शब्द टंकायची वेळ आली तेव्हा मीच त्याला तो सांगितला. ‘मॅडम, मला सांगू नका, तुम्हीच टाका,’ असे तो म्हणाला होता. हे मला तेव्हा आठवायला हवे होते. ते फार उशिरा आठवले.

भाऊबीज आटोपून कचेरी उघडली आणि पहिल्याच दिवशी दहाच्या सुमारास पडद्यावर ती चौकट आली. नाव माझे, खाली रिकामी जागा, आणि ‘पासवर्ड लक्षात ठेवा’ अशा अर्थाचा एक रिकामा चौकोन. मी शब्द टंकला. चौकट गेली आणि क्षणात परत आली. पुन्हा टंकला. पुन्हा आली. अलीबाबाच्या गोष्टीतला कासीम गुहेत अडकतो आणि ‘तिळा, दार उघड’ हे विसरून एकेका धान्याचे नाव घेत बसतो, ती गोष्ट लहानपणी ऐकताना मला हसू येई. माझी स्थिती त्याच्याहून वाईट होती. मी तिळाचेच नाव घेत होते, आणि दार म्हणत होते की हे तीळ नव्हेत.

कचेरीत यंत्र बिघडले की वैद्यांना तोटा नसतो. एकाने संगणक बंद करून चालू करायला लावला. अर्ध्या तासाने टपाल सुरू झाले. त्याची छाती फुगली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्याने खात्याच्या सेटिंगमध्ये शिरून ‘दर वेळी ओळख विचारा’ अशी खूण कुठे आहे का ते पाहिले. ती नव्हतीच, पण तो पाहत होता तोवर टपाल सुरू झाले. संगणक विभागातली मुलगी आली. तिने कंट्रोल पॅनेलमधून क्रेडेन्शियल मॅनेजर नावाची एक जागा उघडली. यंत्र आपले जुने पासवर्ड साठवते ती ही कणगी. तिथल्या आउटलुकच्या साऱ्या नोंदी तिने झाडून काढल्या. ‘जुना शब्द आत राहून जातो, मॅडम, आणि यंत्र तोच पुढे करत बसते,’ ती म्हणाली. दहापैकी नऊ वेळा दुखणे हेच असते, असेही तिने सांगितले. टपाल सुरू झाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा चौकट. मग तिने आउटलुकचे नवे प्रोफाइल बांधून दिले. तेही अर्धा दिवस चालले. आमच्या शिपायाने निदान केले की खंडेनवमीला सगळ्या संगणकांना झेंडू वाहिला, तुमचा तेवढा राहिला.

ह्या सगळ्या उपचारांना गुण येत होता, हीच त्यातली मेख होती. आमच्याकडे पाच वेळा चुकीचा शब्द आला की खाते कुलूपबंद होई आणि तीस मिनिटांनी आपोआप उघडे. कुलूप असेपर्यंत खरा शब्दही खोटा. त्यामुळे त्या तीस मिनिटांत जो कोणी जे काही करील त्याचे श्रेय त्याला मिळे. ताप आपल्या वेळेने उतरावा आणि अंगाऱ्याचा महिमा वाढावा, त्यातलाच प्रकार! पण हे मला कोण सांगणार? आणि सांगितले असते तरी मूळ प्रश्न उरलाच असता: चुकीचा शब्द पाच-पाच वेळा टाकत होते कोण?

मी हिशेबनीस. दोन आकड्यांचा मेळ बसला की तो खरा मानायचा, ही आयुष्याची सवय. मी एका कागदावर वेळा टिपू लागले. सकाळी दहा ते दीड चौकटीचा धुमाकूळ. दीड ते चार पूर्ण शांतता. चारनंतर पुन्हा सुरू. आणि आमच्या विभागातून रोज दीडच्या सुमारास धनादेश घेऊन बँकेत जाणारा आणि चारला परतणारा माणूस एकच होता.

तीन दिवस सलग मेळ बसला. काय सांगू, मला त्या मेळाचा आनंद झाला. रुपया-आण्यांची चूक सापडल्यावर होतो तसा. त्याने पासवर्ड ऐकला होता. तो माझ्या खुर्चीवर बसला होता. तो असला की खाते बंद पडत होते. का करील तो असे, हे मी स्वतःला विचारले नाही. विचारले असते तर उत्तर सापडले नसते, आणि माझा मेळ मोडला असता.

त्या दिवसापासून मी पासवर्ड टंकताना पदर पुढे ओढून कळफलक झाकू लागले. तो गावाहून येताना विभागातल्या प्रत्येकासाठी शेंगांच्या चटणीची पुडी घेऊन आला होता. सगळ्यांनी डबे खाताना तिचे कौतुक केले. माझी पुडी मी टेबलाच्या खणात टाकली. पाचव्या दिवशी सकाळी, चौकटीच्या दोन फेऱ्यांमध्ये, विभागप्रमुखांना चार ओळींचा ईमेल लिहिला: माझ्या पासवर्डचा गैरवापर होत असल्याचा दाट संशय आहे, नव्या लिपिकाला नोकरीत कायम करण्यापूर्वी ह्याची चौकशी व्हावी. सभ्य, आटोपशीर, कचेरीच्या भाषेत. ‘पाठवा’ म्हणून कळ दाबली, आणि तेवढ्यात पुन्हा ती चौकट. पत्र आउटबॉक्समध्ये अडकून राहिले. पडद्याच्या तळाशी ‘पासवर्ड हवा’ अशा अर्थाचे शब्द लुकलुकत होते.

दीडनंतर थोड्या वेळाने संगणक विभागातली ती मुलगी एक छापील कागद घेऊन आली. खाते कुलूपबंद होते तेव्हा मुख्य सर्व्हर तशी नोंद करतो, आणि चुकीचा शब्द कोणत्या यंत्रावरून आला तेही लिहितो. माझ्या प्रत्येक नोंदीत तिथे आमच्या टपालाच्या सर्व्हरचे नाव होते.

‘म्हणजे कचेरीतल्या कुठल्याच टेबलावरून हे होत नाही, मॅडम,’ ती म्हणाली. ‘बाहेरून होते आहे. कुणाच्या तरी मोबाइलवरून. टपाल मागायला तो आधी टपालाच्या सर्व्हरच्या दारात येतो, म्हणून त्याचे नाव लागते. मी त्या सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. दर काही मिनिटांनी हाच फोन येतो आहे.’ आणि तिने फोनची जात वाचून दाखवली.

ती ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. असल्या जातीचा फोन पूर्वी माझ्याकडे होता, एवढेच मी म्हणाले. काच फुटली म्हणून पंधरा महिन्यांपूर्वी मुलीने नवा घेऊन दिला.

‘तो जुना कुठे आहे?’

‘घरी. कपाटाच्या खणात.’ मी म्हणाले. ‘बंद आहे तो.’

‘एकदा विचारून तर पाहा.’

मी घरी फोन लावला. मुलगी आणि नातू सुटीसाठी आलेलेच होते. फोन ह्यांनी उचलला. ‘तोच ना फुटक्या काचेचा?’ हे म्हणाले. ‘अगं, भाऊबिजेपासून तोच तर चालू आहे! पोराला खेळायला काहीतरी हवे, म्हणून मी चार्जर शोधून लावून दिला. सकाळपासून त्याच्याच हातात असतो. आत्ता दुपारचा झोपायला घातला, म्हणून बंद करून कपाटावर ठेवलाय. चारला उठला की मागेलच.’

दीड ते चार. मी खुर्चीत बसल्या बसल्या थिजले. पंधरा महिने निपचित पडलेला तो फोन जागा झाला होता आणि आपल्याला ठाऊक असलेला एकच शब्द घेऊन इमानाने कचेरीचे दार ठोठावत होता. नातवाचे नाव, चिन्ह, आणि अठरा. मी तेविसावर होते. अगदी लगतचे एक-दोन जुने शब्द कोणी टाकले तर सर्व्हर ते चुकीत धरत नाही, एवढी दया त्याच्या ठायी असते, असे त्या मुलीने सांगितले. पण पाच पिढ्यांमागचा शब्द त्याने तरी कसा मानावा? फोनच्या पडद्यावर वरच्या बाजूला पासवर्ड चुकल्याची सूचना येत असे म्हणे. नातू ती बोटाने बाजूला सारी आणि पुन्हा गाडी पळवू लागे. बिचाऱ्याला वाचता कुठे येत होते? येत असते तर त्यात स्वतःच्याच नावाचा कारभार चालला आहे हे त्याला कळलेही नसते.

‘आता तो फोन चालू करू नका, मी संध्याकाळी त्यातले खाते काढून टाकते,’ असे ह्यांना सांगत होते, तेवढ्यात ती मुलगी माझ्या संगणकापाशी वाकली. सर्व्हरवरचे कुलूप तिने येण्यापूर्वीच उघडून ठेवले होते. तिने पडद्याच्या तळाशी असलेल्या त्या शब्दांवर एकदा कळ दाबली. ‘झाले बघा,’ ती हसून म्हणाली, ‘तुमचे अडकलेले एक पत्रही गेले.’

गेले. मी पाहिले तेव्हा आउटबॉक्स रिकामा होता. पाठवलेले पत्र मागे घेण्याची एक सोय आउटलुकमध्ये असते, ती मला माहीत होती. तेव्हा समोरच्याने पत्र उघडले नसेल तरच तिचा उपयोग होई, आणि नाही जमले तर ‘ह्या बाईंना पत्र परत हवे आहे’ अशी दवंडी मात्र पिटली जाई. मी ती कळ दाबली नाही. उठले आणि दोन जिने चढून वर गेले. ते दोन जिने मला अजून आठवतात. कठड्याला नवा रंग दिलेला होता आणि तो हाताला लागला.

साहेबांनी पत्र वाचले होते. मी उभ्यानेच सारे सांगितले: फोन, नातू, अठरा, तेवीस. ते हसले. त्यांना गोष्टीतली गंमत दिसली. ‘बरे झाले आलात, मी त्याला चारला बोलवायला सांगणार होतो,’ असे म्हणून त्यांनी माझ्यादेखत ते पत्र पुसून टाकले. मला वाटले होते की ते रागावतील. रागावले असते तर बरे झाले असते. नुसते पुसले. यंत्रात नोंद पुसली की ती पुसली जाते, आणि क्रेडेन्शियल मॅनेजरची ती कणगी रिकामी केली की यंत्र नव्याने, निर्मळ मनाने प्रश्न विचारते. ह्या बाबतीत यंत्र माझ्यापेक्षा खानदानी आहे.

चारला तो मुलगा बँकेतून आला. सगळ्यांसमोर सांगावे की एकट्याला, हे मला ठरवता येईना. शेवटी सुटायच्या वेळी, तो बॅग भरत असताना, त्याच्या टेबलाशी गेले आणि पत्रासकट सगळे सांगून टाकले. पत्राचे सांगितले नसते तर त्याला कधी कळले नसते, हे मला ठाऊक होते.

तो बराच वेळ बॅगेची चेन लावत राहिला. मग म्हणाला, ‘पत्राचं माहीत नव्हतं, मॅडम. पण तुम्ही पदर धरायला लागलात त्या दिवशीच कळलं होतं.’ आणि थोडे थांबून, ‘म्हणून तर मी तुमच्या टेबलाकडं यायचं सोडलं होतं.’

खरेच की! तो यायचा थांबला होता. मी वेळा टिपण्यात इतकी गर्क होते की तेवढे टिपायचे राहून गेले होते. मी माफी मागितली. तो ‘जाऊ द्या, मॅडम’ म्हणाला. पण गेले असे काही वाटले नाही. त्या रात्री घरी मी त्या जुन्या फोनमधले कचेरीचे खाते काढून टाकले. दोन मिनिटांचे काम होते. नातू मांडीवर बसून पाहत होता आणि गाडीचा खेळ जाणार नाही ना, एवढीच त्याला काळजी होती. खेळ राहिला. दुसऱ्या दिवशी चटणीची पुडी खणातून काढली आणि डब्याबरोबर खाल्ली. तो समोरच्या टेबलाशी होता. त्याने पाहिले की नाही ते मला कळले नाही. चटणी तिखट होती, आणि फार चांगली होती.

डिसेंबरात तो नोकरीत कायम झाला. कामापुरते बोलत होता, नीट बोलत होता. पण माझ्या टेबलाशी आपण होऊन येत नव्हता, आणि मला बोलवायचे धाडस होत नव्हते.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात माझी पुढची नव्वदी भरली. टेबलावर तिळगुळाचा डबा उघडाच होता. बँकेच्या चलनावर माझी सही हवी म्हणून तो येऊन उभा राहिला आणि नेमकी त्याच वेळी पडद्यावर ती चौकट आली: पासवर्ड बदला. मी डबा त्याच्याकडे सरकवला, सही केली, आणि चौविसावा शब्द टंकायला हात पुढे केला. पदर जागच्या जागी राहू दिला. त्याने एक वडी उचलली, तोंडात टाकली, आणि आपण होऊन पाठ फिरवून भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहत उभा राहिला. माझे टंकून झाल्याचे ऐकू येईपर्यंत.